धांदरट कोण, बाई की वेबसाईट?

हातातलं काम थांबवू नका. तूर निवडत असाल तर निवडत राहा, फक्त कान इकडे असू द्या.

आज बोलायचं आहे वेबसाईटबद्दल. पूर्वी गटाची वेबसाईट करायची म्हणजे खामगावला नाहीतर अकोल्याला माणूस शोधायचा, त्याला काही हजार रुपये मोजायचे, आणि पैसे दिल्यावर तो फोन उचलेनासा व्हायचा. आता तसं राहिलं नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आपल्या फोनमध्ये आली. "आमच्या गटाची पापडाची वेबसाईट बनव" एवढं मराठीत बोललं की दहा मिनिटांत वेबसाईट तयार. रंग, चित्रं, बटणं, सगळं आयतं. आम्ही याच्या विरोधात नाही. ज्या गटाकडे कॉम्प्युटर नाही, त्याचं नाव पुण्या-मुंबईपर्यंत पोचत असेल तर चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की यंत्राने केलेली ती वेबसाईट चालवता कोणाला येते? त्यातही, ज्यांचं ध्यान एका जागी टिकत नाही त्यांना येते का?

प्रत्येक गटात अशी एक तरी बाई असते. तुमच्या डोळ्यांपुढे आत्ता कोणीतरी आलीच असेल. कामाला वाघीण, तोंडी हिशेब पक्का, पण बैठकीत अध्यक्षा बोलत असताना तिचं मन खिडकीबाहेर. चहा ठेवते आणि दुसऱ्याच कामाला लागते. सही करायला घेतलेला पेन हातात तसाच राहतो. फॉर्म भरताना मधलीच ओळ सुटते. तिला आपण काय म्हणतो? धांदरट. वेंधळी. "हिचं ध्यान कुठं असतं व?" लहानपणी शाळेत बोलणी खाल्ली, लग्न झाल्यावर सासूची खाल्ली, आता सुनेसमोर खाते.

यातल्या काही जणींना खरोखरच एडीएचडी नावाची अवस्था असते. अवस्था जन्माची असते, लहानपणापासून दिसते, आणि पुष्कळांना मोठेपणीही सोडत नाही. मेंदूचं लक्ष धरून ठेवण्याचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. बुद्धी कमी असते असं मुळीच नाही. मुलगा असेल तर तो वर्गात उड्या मारतो, म्हणून मास्तरांच्या लक्षात येतो. मुलगी बहुतेक वेळा गप्प बसून स्वप्नात हरवते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा कितीतरी मुली तशाच मोठ्या झाल्या, बाया झाल्या. एडीएचडी आहे की नाही हे ठरवणं डॉक्टरचं काम, आपलं नाही. लक्ष न टिकण्याला दुसरी कारणंही असतात: अपुरी झोप, अंगात रक्त कमी, कर्जाची काळजी, मांडीवर रडणारं लेकरू. कोणाला याबद्दल बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, नंबर 14416. पैसे लागत नाहीत.

आता वेबसाईटकडे येऊ. आमच्या प्रभागातल्या एका गटाची वेबसाईट त्यांच्यातल्या एका ताईच्या पुतण्याने अशीच एका संध्याकाळी करून दिली. पोरगा हुशार, मनापासून केलेली. उडदाचे पापड, ज्वारीचे पापड, कुरडया, काळा मसाला. पहिल्यांदा पाहिली तेव्हा सगळ्या जणी "किती छान!" म्हणाल्या. मग आम्ही पाच-सहा जणींना एकेक करून फोन हातात दिला आणि एकच काम सांगितलं: दोन किलो उडदाचे पापड मागवून दाखव. शेजारी बसलो, पण बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, असं आपसात ठरवलं होतं.

वेबसाईट उघडली की वर मोठा फोटो. तो तीन सेकंदांनी सरकतो, दुसरा येतो, मग तिसरा. फोटोवरची अक्षरं वाचून होण्याआधी निघून जातात. एक मावशी म्हणाल्या, "हे का पळून राह्यलं? म्या वाचू तरी कवा?" तेवढ्यात मध्येच एक चौकोन उघडला: ईमेल द्या आणि दहा टक्के सूट मिळवा. ईमेल कोणाकडे आहे? तो चौकोन बंद करायची फुली एवढीशी, कोपऱ्यात, फिकट रंगाची. तो बंद केला तर खाली उजवीकडे एक गोल टुणटुण उडी मारत होता, "मी तुमची काय मदत करू?" म्हणून. खाली बटणं: "आम्हाला एक्सप्लोर करा", "तुमचा चवीचा प्रवास सुरू करा", "अधिक जाणून घ्या", "आमची कहाणी". पापड मागवायचं बटण यातलं कोणतं? कोणतंच नाही. ते आणखी दोन पानं पुढे होतं.

ज्या ताईबद्दल आम्हाला पाहायचं होतं, म्हणजे जिला सगळ्या धांदरट म्हणतात, ती फोटो पाहत राहिली, मग उडी मारणाऱ्या गोलावर बोट ठेवलं, तिथून "आमची कहाणी" वर गेली, आणि पाच मिनिटांनी आम्हालाच विचारलं, "मी काय करायला बसले होते?" बाकीच्या हसल्या. ती नाही हसली. फोन ठेवून उठली आणि म्हणाली, माझ्याच्यानं नाही होत.

याच ताईला गटाच्या वहीतली नोंद आम्ही कितीदा करताना पाहिली आहे. तारीख, नाव, रक्कम, सही. एका ओळीत एकच नोंद, उभे रकाने ठरलेले. तिथे ती चुकत नाही. मग दोष कुठला? वही हलत नाही, वहीमधून चौकोन उघडत नाही, आणि वही तिला कोणता प्रवास सुरू करायला सांगत नाही.

आणखी एक सांगायचं, बाकीच्या जणीही काही सरसर गेल्या नाहीत. सरकणाऱ्या फोटोने त्याही अडल्या, बटणाने त्याही चकल्या. फरक एवढाच, की त्या चकल्यावर परत वाटेला लागत होत्या, आणि हिची वाट तुटली की तुटलीच. म्हणून आम्ही म्हणतो की तिच्यासाठी केलेली सोय सगळ्यांना कामी येते. गिऱ्हाईकही शेवटी कोण असतं? एका हातात पिशवी आणि एका हातात फोन घेऊन बसमध्ये उभी असलेली बाईच ना.

यंत्र असं का करतं, ते समजून घेऊ. एआयला पापडही माहीत नाही आणि आपणही माहीत नाही. जगातली लाखो वेबपानं त्याला वाचायला दिलेली असतात, आणि "विक्रीची वेबसाईट" म्हटलं की त्या पानांत जे नेहमी आढळतं ते तो आपल्यापुढे ठेवतो. ती पानं बहुतेक मोठ्या कंपन्यांची, शहरातली, इंग्रजीतली. माणसाला धरून ठेवायचं, इकडून तिकडे फिरवायचं, आणखी काही घ्यायला लावायचं, अशा हेतूने केलेली. म्हणजे आपण साधं दुकान मागतो आणि यंत्र आपल्याला आख्खा बाजार देतं. आठवडी बाजारात कसं, एका वेळी दहा जण ओरडतात. ज्याचं ध्यान पक्कं तो कांदे घेऊन घरी येतो, आणि आपली ती ताई बांगड्या घेऊन येते.

याच्या उलट शेगावची दर्शनबारी आठवा. गजानन महाराजांच्या मंदिरात पहिल्यांदा गेलेली म्हातारी बाईसुद्धा हरवत नाही. वळणावर पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी हात जोडून उभा असतो, "माऊली, इकडून" म्हणतो. पुढच्या चार वळणांचं तो सांगत नाही, फक्त या वळणाचं सांगतो. गर्दी हजारोंची असते, पण प्रत्येकाला त्या क्षणी एकच गोष्ट करायची असते. वेबसाईट अशी हवी.

यंत्र आणखी एक गोष्ट करतं आणि ती जास्त वाईट. जे माहीत नाही ते मनाने भरतं. त्या वेबसाईटवर "फक्त 3 पाकिटं शिल्लक!" असं लाल अक्षरात लिहिलेलं होतं. गटाकडे तर पापडाचे डबेच्या डबे भरलेले. खाली तीन गिऱ्हाइकांचे अभिप्राय होते, नावासकट, पाच-पाच चांदण्यांसकट. ती माणसं या जगातच नाहीत. फोन नंबरच्या जागी नमुन्याचा नंबर होता. आणि पापडाचं चित्र, काय सांगावं, भाकरी भाजून ठेवल्यासारखं. कोणत्याच सुगरणीने ते पापड म्हणून ओळखलं नसतं.

यात नुसतं हसण्यासारखं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला नियम काढले आहेत. गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या वेबसाईटच्या 13 युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत आणि त्यांना बंदी आहे. खोटी घाई करणं, म्हणजे माल भरपूर असताना "संपत आला" म्हणणं, ही त्यातलीच एक. "आमच्या एआयने लिहिलं" हे उत्तर तिथे चालायचं नाही. पाटी गटाच्या नावाची आहे. आणि ज्या माणसाचं ध्यान पटकन ओढलं जातं, त्यालाच ही खोटी घाई सगळ्यात आधी लागते. तो विचार न करता बटण दाबतो आणि मग पस्तावतो. आपल्या गटाची कमाई अशा घाईवर व्हावी, असं आपल्यातल्या कोणालाही वाटणार नाही.

कोणी म्हणेल, पापडाचं जाऊ द्या, एक ऑर्डर गेली तर गेली. पण हेच दुखणं आपल्या हक्काच्या पैशांपर्यंत येतं. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालं, मुदत वाढवून 31 डिसेंबर 2025 करण्यात आली. आधार नंबर, ओटीपी, हे सगळं झाल्यावर शेवटी काही वाक्यांना होय की नाही ते सांगायचं होतं. त्यातलं एक वाक्य नकारी होतं: कुटुंबातलं कोणी कायम सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं. आता घरात कोणी सरकारी नोकरीत नसेल तर दाबायचं काय? "होय". पण धावत्या नजरेला वाटतं, नोकरी आहे का विचारतात, आपल्याकडे तर नाही, म्हणून "नाही". पुढे बऱ्याच बहिणींकडून चुकीचा पर्याय निवडला गेल्याचं पुढे आलं, आणि जानेवारी 2026 मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचं जाहीर झालं. महिन्याचे 1,500 रुपये आणि अंगणवाडीताईंची पायपीट, दोन्ही एका "नाही" या शब्दात अडकलं.

ते वाक्य काही एआयने लिहिलं असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो की माणसाने केलेल्या पानात असं होतं, तर दहा मिनिटांत दहा पानं करणाऱ्या यंत्राच्या कामाला तपासायला कोणी नको का? त्याच काळात याच योजनेच्या नावाने खोट्या वेबसाईटही निघाल्या होत्या, आणि सरकारी वेबसाईटवरच माहिती भरा असं वारंवार सांगावं लागलं. हुबेहूब दिसणारी वेबसाईट करणं आता सोपं झालं आहे. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का ते पाहायचं, हे गटात पुन्हा पुन्हा सांगत राहा.

ध्यान न टिकणाऱ्यांची सोय ही काही आमच्या मनातली कल्पना नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम नावाची संस्था जगभरच्या वेबसाईटसाठी नियम ठरवते. त्यांचा नियम असा, की पानावर काही आपोआप हलायला लागलं आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत राहिलं, तर ते थांबवायची सोय तिथेच पाहिजे. ऑक्टोबर 2023 च्या नव्या आवृत्तीत भर पडली: एकदा विचारलेली माहिती त्याच कामात पुन्हा विचारू नका, आणि मदतीची जागा प्रत्येक पानावर एकच ठेवा. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात 21 प्रकार आहेत. शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी त्यात आहेत, एडीएचडीचं नाव मात्र वेगळं नाही. पण 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. ॲसिड हल्ला झालेल्या बायांना केवायसी करता येत नव्हतं, कारण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं यंत्र सांगायचं, आणि त्यांच्या पापण्या जळलेल्या. त्या न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे संविधानाच्या कलम 21 चा भाग आहे, आणि 20 सूचना दिल्या. खेड्यातली माणसं, म्हातारी माणसं यांचाही त्या निकालात विचार आहे. बाईला यंत्र चालत नसेल तर बाईला नव्हे, यंत्राला बदलायला सांगायचं, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

मग पापडाच्या वेबसाईटचं काय केलं? त्याच यंत्राला पुन्हा कामाला लावलं. पुतण्या फोनवर, आम्ही शेजारी. त्याला जे सांगितलं ते इथे वाचून दाखवतो, लिहून घ्या: "एकच पान कर. वर गटाचं नाव आणि गावाचं नाव. खाली चार वस्तू, एकीखाली एक. प्रत्येकीला एक फोटो, वजन आणि भाव. प्रत्येकीखाली एकच बटण, त्यावर 'मागवा' असं लिही. पानावर काहीही हलू नये, आपोआप काही उघडू नये, आवाज येऊ नये. अक्षरं मोठी, पांढऱ्यावर काळी. वाक्य आठ शब्दांपेक्षा मोठं नको. मी सांगितलं नाही ते घालू नकोस. माहिती नसेल तिथे जागा रिकामी सोड." शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. तरीसुद्धा यंत्राने पहिल्या खेपेला एक चमकणारी पट्टी घातलीच. पुन्हा सांगावं लागलं. ऐकलं.

फोटो गटानेच काढले, सुपात ठेवलेल्या खऱ्या पापडांचे, सकाळच्या उन्हात. आणि "मागवा" दाबलं की सरळ व्हॉट्सॲप उघडतं, त्यात "मला उडदाचे पापड हवे आहेत" एवढं आधीच लिहिलेलं असतं. नाव-पत्ता बोलून पाठवला तरी चालतो. नवा फॉर्म नाही, पासवर्ड नाही, अर्धवट राहिलं म्हणून पुसलं जाणं नाही. चहा करून आलं तरी निरोप तिथेच असतो.

यावर गटात वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. पुतण्या म्हणाला, आत्या, हे फारच साधं दिसतं, शहरातल्या लोकांना आवडायचं नाही. अध्यक्षांनाही आधीची रंगीत जास्त आवडली होती. त्यांचं अगदीच चूक नाही. देखणेपणालाही किंमत असते, म्हणून तर आपण पापडाच्या पुड्याला लेबल लावतो. शेवटी वरती गटातल्या सगळ्या जणींचा एक फोटो ठेवायचं ठरलं, न हलणारा. आमचं मत विचाराल तर तो फोटो त्या सरकणाऱ्या तीन फोटोंपेक्षा जास्त विकतो, कारण त्यात खऱ्या बाया आहेत.

मग पुन्हा तेच काम, त्याच ताईच्या हातात फोन. आधी नको म्हणाली. दोन दिवसांनी स्वतःच मागितला. पान खाली सरकवलं, उडदाचे पापड दिसले, "मागवा" दाबलं, व्हॉट्सॲप उघडलं, बोलून पत्ता पाठवला. मध्ये एकदा नातवाला हाक मारायला उठली होती, परत येऊन तिथूनच पुढे गेली. आता गट काही बदल करायचा असेल तर आधी तिलाच दाखवतो. या कामाचे तिला काही द्यावे का, हा विषय पुढच्या बैठकीच्या वहीत लिहिलेला आहे. आमच्या मते द्यावे. शहरात या तपासणीचे लोक पगार घेतात.

तुमच्या गटाची वेबसाईट कोणी करून दिली असेल किंवा देणार असेल, तर आधी एकच काम ठरवा आणि गटातल्या त्या ताईला ते करू द्या. शेजारी बसा आणि गप्प बसा. हे दुसरं फार अवघड आहे, सांगून ठेवतो. कुठे थांबली, कुठे भलतीकडे गेली, ते वहीत लिहा आणि तेवढंच यंत्राला बदलायला सांगा. तुमच्या स्वतःच्या फोनवर फार हालचाल होऊन त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाच्या जागी ॲनिमेशन बंद करायची सोय बहुतेक फोनमध्ये असते. सगळ्या वेबसाईट ती पाळत नाहीत, पण पुष्कळ पाळतात.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. पैसे भरायचं पान. ते आपल्या हातात नसतं. तिथे ओटीपी येतो, ओटीपी वाचायला मेसेजमध्ये जावं लागतं, परत येईपर्यंत वेळ संपते आणि सगळं पहिल्यापासून. त्या वेबसाईटवर गटाने सध्या माल पोचल्यावर रोख किंवा क्यूआर कोड, असं ठेवलं आहे. दूरच्या गिऱ्हाइकाला ते चालत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी कोणत्या गटाने याच्यावर काही युक्ती काढली असेल तर पत्र लिहा नाहीतर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. पुढच्या भाषणात ती तुमच्या गटाच्या नावासकट सांगू.